आमच्या बूथवरची सात मतं

मत एकट्याने द्यायचं असतं हे मला शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकामुळे माहीत होतं, घरातल्या कुणामुळे नाही. आमच्याकडे मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना, भातावर सोलकढी ओतून घेता घेता, बाबा निशाणी सांगायचे. आई मान हलवायची, दादा "बरं" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिघं आंघोळ करून, देवाला जाताना घालतात तसे धुतलेले कपडे घालून शाळेत जाऊन यायचे. नंतर कुणी कुणाला विचारायचंही नाही. मी मात्र लहानपणापासून घरात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. मी अठराची झाल्यावर बाबांना बजावून ठेवलं होतं की माझं मत माझं आहे, त्यावर तुमची कढी सांडायची नाही. बाबा हसले होते. त्यांना माझा राग कधी यायचाच नाही, ही त्यांची मोठी खोड होती.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, टेकडीवर राहायचो. खाली रस्ता, रस्त्याच्या पलीकडे लिफ्टच्या इमारती, आणि अलीकडून पायऱ्या चढत चढत आमच्या चाळी. आमच्या भागातली बहुतेक बिऱ्हाडं मालवणकडची, त्यातली निम्मी आमच्याच गावची. गिरण्या होत्या तेव्हा सगळे बाप्ये गिरणीत, गिरण्या गेल्यावर कुणी वॉचमन, कुणी लिफ्टमन, कुणी कुरिअरच्या पिशव्या घेऊन फिरणारा. बाबा एका इमारतीत लिफ्ट चालवायचे. सकाळी टेकडीवर चार-पाच आवाज ठरलेले. शेजारच्या सुमतीकाकीचं खोबरं खवणीवर, कुणाच्या तरी पोराचे पाढे, कुकरच्या शिट्ट्या, आणि आईचा "उठ गो, दात घास" हा एकच सूर. बुधवारी आणि रविवारी सगळ्या चाळीत एकाच वेळी बांगडा तळला जायचा आणि त्या वासात कुणाचं घर कुठलं हे कळेनासं व्हायचं. पाणी मात्र टेकडीवर नव्हतं. खालच्या नळावरून भरून पायऱ्या चढायच्या. आईच्या टाळूवर हंडा बसून बसून रुपयाएवढी जागा केसांविना झाली होती. ती पदराने झाकायची आणि मी विंचरून देताना मुद्दाम तिथे बोट लावायची, तर हातावर चापट बसायची.

ते पाणी वर आणलं रसीलाबेनने. पायऱ्यांच्या तळाशी एका गाळ्यात तिचा शिवण क्लास होता. ती राहायची रस्त्यापलीकडच्या इमारतीत, गुजराती, घरात कांदा-लसूणही न खाणारी, पण दिवसभर आमच्या टेकडीवरच्या मुलींमध्ये असायची. मी बारावीनंतर तिच्याकडे जायला लागले, आधी काजं-बटणं शिकायला आणि मग हळूहळू तिचा उजवा हात म्हणून. डबा उघडला की आमच्या डब्यांतून सुक्या जवळ्याचा वास यायचा. ती नाकाला पदर लावायची नाही. "खिडकी उघड बेटा, पण खा, थंड नको खाऊस," एवढंच म्हणायची. एकदा क्लासात शिकणाऱ्या एका बाईला हंड्यासकट पायऱ्यांवरून पडलेलं तिने पाहिलं आणि त्या आठवड्यापासून दर सोमवारी ती वॉर्ड ऑफिसात जाऊन बसू लागली. बसायची म्हणजे खरोखर बसायची, घरून शिवण घेऊन. साहेब नसला तर साहेब येईपर्यंत हेम घालत बसायची. तिथले शिपाई तिला पाहून हसायचे. दोन वर्षं असं चाललं आणि मग एका सकाळी टेकडीच्या मध्यावर पाइप आला, पुढच्या वर्षी प्रत्येक चाळीच्या टोकाला नळ. त्या दिवशी आईने बेनसाठी तांदळाच्या शिरवळ्या केल्या आणि नारळाच्या रसासह वाटीतून खाली पाठवल्या. ती तिथेच उभ्याने खाऊन वाटी धुऊन परत देऊन मोकळी झाली.

म्हणून पुढच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि रसीलाबेन अपक्ष उभी राहिली, तेव्हा टेकडीवर कुणाला प्रचार करावा लागेल असं मला वाटलंच नाही. निशाणी मिळाली तीही शिलाई मशीन. सुमतीकाकी म्हणाली, "ह्येका काय इचारूचा? नळ उघडलो की बेन आठावता." आम्ही मुली तिच्या पत्रकांच्या घड्या घालत बसायचो आणि मी मनातल्या मनात तिला निवडूनही आणलं होतं. पंधरा दिवसांनी दुसरं नाव आलं. सुलभा विलास पालव. आमच्या गावची, खालच्या वाडीची सून, आडनावही आमचंच. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण टेकडीवर त्या पक्षाबद्दल कुणी अक्षर विचारलं नाही. सुलभा पालव राहायची भांडुपला. टेकडीवर ती दोनदा आली, दोन्ही वेळा तिचा नवरा बोलला आणि ती हात जोडून हसत उभी राहिली. बिचारी चांगली असेलही. तिने आमच्यासाठी काय केलं होतं हे कुणी विचारलं नाही, तेही तितकंच खरं.

त्या रविवारी गावच्या मंडळाची सभा झाली. आमच्या गावाची मुंबईत एक खोली आहे, पिढ्यानपिढ्याची, नव्याने आलेल्या पोरांनी उतरायची. तिथेच मंडळाच्या सभा होतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे अण्णा, वयस्क गृहस्थ, आमच्या बाबांना गिरणीत लावलं ते त्यांनीच. अण्णांनी मधोमध पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर गावदेव रवळनाथाच्या नावाने नारळ आणि बाजूला समई. बायका आणि मुली दाराबाहेर गॅलरीत. मी दाराच्या चौकटीला टेकून सगळं पाहत होते. अण्णा म्हणाले, "आपला माणूस हयसर पहिल्यांदा उभा ऱ्हवता. घरटी एक हात. ज्येचो हात, तेच्या घरची सगळी मतां. नंतर कोणी म्हणा नको माका म्हायत नव्हता." मग एकेक बाप्या उठला, नारळावर हात ठेवून परत जागेवर बसला. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. बाबांची पाळी आली. त्यांनी हात ठेवला. जरा जास्त वेळच ठेवला, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता सुरू झाले. "नारळाचं नाव मतदार यादीत कधी लागलं? त्याला ओळखपत्र दिलं का?" दादा खो-खो हसला. आई हसली नाही. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीन देवाच्या नावान हात ठेवल्यान. आता मी मोडलंय नि उद्या तुमका काय झाला तर?" मी तिला तिच्या टाळूची आठवण करून दिली. ती म्हणाली, "ता म्हायत आसा माका. माझाच डोक्या आसा." आणि भाकरी थापायला लागली. बाबा कोपऱ्यात बसून युनिफॉर्मचं बटण लावत होते. मला वाटलं होतं मतदानापर्यंत मी सगळ्यांना वठणीवर आणीन. मंडळाची माणसं दोन दिवसांनी घरी सांगायला आली की पालवांच्या पोरीने बेनची बूथ एजंट व्हायचं हे बरं दिसत नाही. बाबांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "ती क्लासाक जाता, तिच्या मास्तरणीच्या कामाक जाता. काम येगळा." अण्णा जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बस गो बूथार. मत घरचा."

इतक्या वर्षांनी, परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी यादी टाकली. वॉर्डातले उमेदवार आणि प्रत्येकापुढे कंसात कोण कुठला, कुठल्या समाजाचा. खाली ‘आपल्या माणसाला विसरू नका’ आणि हात जोडलेलं चित्र. सगळ्यांनी अंगठे दाखवले. शिकलेली, गाड्या असलेली माणसं, ज्यांच्या घरी नारळ फक्त चटणीला फुटतो. माझी मुलगी फोन दाखवून म्हणाली, "आई, हे लोक किती मागासलेले आहेत ना?" ती मला फार सरळ बाई समजते.

मतदानाचा दिवस. शाळेच्या तळमजल्यावरचा वर्ग, आमचाच बूथ, बाकांवर आम्ही चार-पाच एजंट, समोर यादीची भेंडोळी. येणाऱ्याचं नाव पुकारलं की आम्ही खूण करायची. सकाळपासून ओळखीची माणसं. सुमतीकाकी डोळा मारून गेली. क्लासातल्या मुली शाई लावलेली बोटं मला लांबून दाखवत गेल्या. एक म्हातारे आजोबा तर अधिकाऱ्यासमोरच मला म्हणाले, "तुझ्या बेनकच हां," आणि अधिकाऱ्याने त्यांना दटावलं. मी प्रत्येक खुणेबरोबर मनात बेनची बेरीज करत होते. आई आली, माझ्याकडे न बघता आत गेली आणि न बघता बाहेर गेली. बाबा ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच आले. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. मला त्यांची लाज वाटत होती, सरळच सांगते.

दुपारी अडीचच्या सुमारास शुकशुकाट झाला तेव्हा बाजूच्या एजंटला यादी सांभाळायला सांगून मी माझं पहिलं मत द्यायला उठले. बोटाला शाई लागली, सही केली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. मशीनवर दुसऱ्या नंबरला पालव सुलभा विलास आणि चौथ्या नंबरला बेनचं नाव, बाजूला शिलाई मशीनचं चित्र. मी हात चौथ्याकडे नेला होता. खरंच नेला होता. आणि डोळे दुसऱ्या नंबरवर अडले. पालव. हे आडनाव मी तोवर रेशन कार्डावर पाहिलं होतं, शाळेच्या दाखल्यावर पाहिलं होतं, बाबांच्या जुन्या गिरणीच्या पासावर पाहिलं होतं. क्लासापलीकडच्या इमारतीत नोकरीला जाणाऱ्या आमच्या बायकांना वॉचमन वहीत लिहायला लावतो तिथे पाहिलं होतं. सरकारने छापून, ‘ह्याला निवडायचं का बोला’ असं विचारलेलं कधी पाहिलं नव्हतं. छातीत काहीतरी भरून आलं आणि बोट गेलं. लांबलचक बीप वाजला. मी अजून दुसऱ्या नंबरचा दिवा बघत उभीच होते. अधिकारी म्हणाला, "ताई, झालं तुमचं." मी बाकावर येऊन बसले, यादीत माझ्याच नावापुढे खूण केली आणि उजवा हात ओढणीखाली घेतला. मला कुणी ओढलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, माझा हात कुठल्या नारळावर नव्हता. मी केलं होतं, आणि का केलं हे मला कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी तिथे बसून बेनच्या मतांची राखण केली.

मोजणी दुसऱ्या एका शाळेत झाली. जाळीच्या अलीकडे आम्ही कागद-पेन घेऊन उभे. एकेका बूथचं मशीन टेबलावर यायचं, अधिकारी आकडे वाचायचा, आम्ही लिहायचं. रस्त्यापलीकडच्या इमारतींचे बूथ आधी आले आणि बेनला मतंच मतं. मला हर्ष झाला आणि मग आठवलं, त्या इमारतींमधून प्रचाराला फिरताना अर्ध्या लोकांनी दारातूनच विचारलं होतं, "कोण रसीलाबेन?" तिचं गुजराती आडनाव ऐकल्यावर मात्र आत बोलावून पाणी दिलं होतं. जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं तिला त्यांनी डोळे मिटून मत दिलं होतं, पाण्यासाठी नाही, कशासाठीच नाही. मग टेकडीचे बूथ सुरू झाले. आमचा बूथ आला. सुलभा पालवपुढचा आकडा अधिकाऱ्याने वाचला तो मला तीनआकडी होता एवढाच आठवतो. बेनच्या नावापुढे तो म्हणाला, "सात." मी लिहिलं नाही. बाजूच्या एजंटने कोपराने डिवचलं, "लिही ना यार, सात." साडेपाचशेच्या वर माणसांनी त्या बूथवर मत दिलं होतं. त्यातल्या निम्म्या जणांनी मला येता-जाता हसून दाखवलं होतं. त्या सातांत मी नव्हते हे आठवायला मला क्षणभर वेळ लागला.

बाहेर बेन फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पडल्याचं तिला कळलं होतं. मला पाहून तिने विचारलं, "तुमच्या बूथवर किती?" मी सांगितलं. बाजूला तिचा दीर उभा होता, तो म्हणाला, "में तो कह्युं हतुं भाभी, आ घाटी लोको आपणा नथी." तिने त्याला हात करून थांबवलं आणि माझा हात धरला. "सातमधी चार तर तुमच्या घरचेच. तुझं घर उभं राहिलं बेटा, बस. मला पुरे." तिच्या हाताला सुया टोचून टोचून झालेले घट्टे होते. मी मान खाली घातली. तिला वाटलं मी रडते आहे.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दीराचं बोलणं ऐकून मला चीड आली होती, ‘घाटी’ म्हणणाऱ्यांना का मत द्यायचं, म्हणून मी तसं केलं. लग्नानंतर नवऱ्यालाही मी असंच सांगितलं. चांगलं कारण आहे, ऐकणाऱ्याला पटतं. पण तो शब्द मी मतदानानंतर दोन दिवसांनी ऐकला. मत देताना माझ्यापाशी काहीही कारण नव्हतं, आणि त्या गोष्टीने मी आजही हादरते. बेन पुन्हा उभी राहिली नाही. क्लास चालू राहिला, पण मीच जायचं बंद केलं. तिने दोनदा निरोप पाठवला.

मोजणीच्या संध्याकाळी घरी आले तेव्हा खालच्या गल्लीत ढोल-ताशे चालले होते, दादा नाचायला गेला होता आणि आई सुमतीकाकीकडे पेढे आणायला. बाबा एकटेच दाराशी बसून वाटाणे सोलत होते. मी समोर बसले आणि सोलायला लागले.

"सात मतां पडली म्हणतत," बाबा म्हणाले.

"हो."

"तेतला एक माझा आसा."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "पण बाबा, तुम्ही तर हात ठेवलात."

"ठेवलंय ना. घरची मतां देतंय म्हणान सांगलंय, तशी दिलंय. तुझ्या आवशीचा गेला, दादाचा गेला. माझा तेवढा देऊक जमला नाय." त्यांनी सोललेले दाणे ताटात सारले. "तुझ्या आवशीच्या टाळूर केस येवक लागलेत बघ. तू काय बघूक नाय असशीत. मी रोज बघतंय."

मी पाहिलं नव्हतं. आमचा लिफ्टमन बाप, ज्याला मी दोन दिवस तोंड दाखवलं नव्हतं, जो देवाचं नाव घेतल्याशिवाय दारातून पाऊल टाकत नसे, तो त्या आडोशामागे जाऊन रवळनाथाला मोडून आला होता. आणि त्याला समजावू बघणारी मी शिकलेली मुलगी. मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"दुसरा तुझा, नाय?" बाबा म्हणाले. प्रश्न नव्हताच तो. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की टेकडीवर आपण दोघंच, आणि कुणाला ठाऊक नाही.

मी म्हणाले, "हो."

"बरा केलंस. आवशीक सांगा नको, घाबारतली."

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्यांनी मला एका सकाळी लवकर उठवलं आणि आईला न सांगता देवळात नेलं. देवळात गुरवाखेरीज कुणी नव्हतं. बाबांनी विडा मांडला, टोपी काढून हातात घेतली आणि मला शेजारी उभं केलं. मला वाटलं माझ्या लग्नासाठी वगैरे काही सांगायचं असेल. बाबा डोळे मिटून मोठ्याने म्हणाले, "बा देवा रवळनाथा, तुझ्या नावान दिलेलो शब्द माझ्या हातून मोडलो. माझ्या चेडवाच्या हातून मोडलो. ती ल्हान आसा, तिका कळाक नाय. तिच्या वाटेचो काय दोष आसात तो माझ्या माथ्यार घाल, तिका सोड." गुरव म्हणाला, "व्हय म्हाराजा." बाबांनी डोळे न उघडताच मला कोपराने हलवलं. मीही म्हणाले, "व्हय म्हाराजा."